मुठीवरच्या चार खाचा

१

दुपारचं जेवण झालं की मी क्वार्टरच्या मागच्या टिनाच्या शेडमध्ये जाऊन बसतो. सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटात, पॅटर्न शॉपमध्ये गेली. हाताखाली लाकूड नसलं तर मला अन्न पचत नाही. पॅटर्न शॉप म्हणजे काय हे आमच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्येही पुष्कळांना समजावून सांगावं लागतं. लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी आम्ही जसाच्या तसा लाकडात घडवायचो. तो नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. लोक लोखंडाचं कौतुक करतात, पण सगळा खेळ त्या पोकळीचा असतो.

आता मुलगी प्रेरणा प्लांटात आहे, क्वार्टर तिच्या नावावर आहे आणि मी गल्लीतल्या लोकांच्या खुर्च्या, पाट, देव्हारे असलं काहीबाही दुरुस्त करतो. देव्हारे लोकांचे. आमच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. भूत, करणी, बाहेरचं असल्या गोष्टींना मी आमच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दसरा तोंडावर आला होता तेव्हा हेमराज आला. तो आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. आधी फौजेत होता, मग प्लांटात लागला, आता माझ्यासारखाच रिकामा. मुलगा पुण्याला. बायको शीला गेल्या वर्षी याच दिवसांत गेली. त्याने रुमालाची पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली.

"देवीदासभाऊ, एवढं करून दे."

पुरचुंडीत लाकडाच्या दोन पट्ट्या होत्या. हेमराजकडे एक लायसन्सचं पिस्तूल आहे. फौजेने जुनं म्हणून काढून टाकलेलं, रिटायर माणसांना मिळतं तसलं. त्याच्या मुठीच्या दोन बाजूंच्या या पट्ट्या.

"अन् पिस्तूल?"

"ते तुह्या घरी कसं आणू बापा? दोघाईले आत टाकतीन."

"मंग नवीन बसवून टाक ना. प्लास्टिकचे मिळतेत."

"नाही. शीला म्हणे, काही बी कर, हे लाकूड बदलवू नको. ओरिजिनलच पाहिजे." त्याने रुमाल झटकून खिशात घातला. "मागच्या साली घरात दुःख होतं, दसरा नाही केला. यंदा शस्त्रपूजा करतो. चांगलं दिसलं पाहिजे, बस."

हेमराज सहसा कुणाला काही मागत नाही. मी लगेच हो म्हटलं.

२

लाकूड अक्रोडाचं होतं, जुनं आणि जातिवंत. हात सरकू नये म्हणून वरून बारीक तिरक्या रेघांची जाळी कोरलेली होती, ती बहुतेक पुसून गेली होती. कानाकोपऱ्यात बंदुकीचं तेल मुरून काळं झालेलं.

झिजलेलं लाकूड मला वाचता येतं. पटाशीची मूठ बघून ती कोणाची हे आम्ही शॉपमध्ये सांगायचो. उजवी पट्टी सरळ होती, तळहाताने गुळगुळीत केलेली. डाव्या पट्टीवर वरच्या अर्ध्या भागात बोटांची टोकं पुढच्या कडेने वळून आली होती. उजव्या हाताचा माणूस पिस्तूल धरतो तेव्हा तसंच होतं.

पण डाव्या पट्टीच्या खालच्या अर्ध्यात आणखी चार खाचा होत्या. अरुंद, खोल, एकीखाली एक. आणि त्या मागच्या कडेकडून पुढे आल्या होत्या.

मी पट्टी उलटसुलट करून पाहिली. समोर नेम धरणाऱ्याची बोटं मागून येत नाहीत. मागून बोटं येतील असं पिस्तूल धरायचं तर नळी स्वतःकडे वळवावी लागते. आणि एकदा-दोनदा धरून अक्रोडाला खाच पडत नाही. वर्षानुवर्षं, रोज, तसं धरायला हवं.

हेमराजचा चेहरा डोळ्यांसमोर आला. एकटा माणूस, रिकामं घर, गेलेली बायको. मग मीच मला समजावलं की पिस्तूल त्याच्या आधीही कोणाकडे तरी असणार, ही जुन्या कुणाची तरी खोड असेल. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल. पण मनाने घेतलं ते घेतलंच. अशी खाच हाताला वाट दाखवते. या खाचा आपण बुजवायच्या, अशा बुजवायच्या की बोटाला पत्ता लागणार नाही. पूजेला शोभाही येईल आणि हेमराजच्या हाताखालून ही वाटही जाईल.

खाचेत सहज बोट घातलं. बाकीचं लाकूड काळं पडलेलं, पण खाचेच्या आत ते कोरं होतं, आत्ता झिजल्यासारखं. जरा कोमटही लागलं. टिनाच्या शेडमध्ये दुपारी सगळंच कोमट लागतं.

३

शॉपमधली एक सवय सुटत नाही. कुठलाही नमुना दुरुस्त करायच्या आधी आहे तसा त्याचा साचा घेऊन ठेवायचा, म्हणजे चुकलं तर मागे फिरता येतं. मी खाचांना तेलाचं बोट लावलं आणि त्यांत प्लास्टर भरलं. वाळल्यावर ते अख्खं सुटून आलं. खाचांमधली पोकळी आता माझ्या हातात होती: चार बारीक बोटं, पांढरी, पेरांशी वाकलेली. तिसऱ्या बोटावर आडवा चर होता आणि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. मी साचा फळीवर ठेवला आणि कामाला लागलो.

पट्ट्या थिनरने धुतल्या. दबलेल्या ठिकाणी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, म्हणजे लाकूड फुगून वर येतं. खाचा मात्र वर येईनात. मग अक्रोडाचाच भुसा गोंदात कालवून त्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हरांड्यात चहा घेत होतो. शिफ्टचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. शेडमध्ये टक असा आवाज झाला. मग पुन्हा टक. असे चार, सारख्या अंतराने. उंदीर असेल म्हणून गेलो. पट्टी जागेवर होती आणि भरलेले चारही तुकडे तिच्याशेजारी टेबलावर पडले होते. अख्खे, न तुटता, एका ओळीत.

"तेल," मी मोठ्याने म्हणालो. "तेल मुरलं आहे, गोंद धरत नाही." कारण अगदी बरोबर होतं. पुन्हा थिनरने धुतलं, दिवसभर खडूच्या भुकटीत पुरून ठेवलं, पुन्हा भरलं. पुढच्या दुपारी भोंगा झाला आणि मी कप हातात धरून, नको नको म्हणत, कान देऊन बसलो.

टक. टक. टक. टक.

माझी बायको कमला आतून म्हणाली, "काय ठोकून राहिले हो तुमी?"

बोलत ती दारात आली, आणि मी तर तिच्यासमोरच बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे पाहिलं.

४

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण मला राग आला. आयुष्यभर माझ्या हातचं लाकूड माझं ऐकत आलं आणि ही बोटभर पट्टी मला नाही म्हणत होती.

तिसऱ्या वेळी मी खाचांच्या तळाशी बारीक छिद्रं पाडली, त्यांत पितळेच्या तारेच्या खुंट्या मारल्या, वर इपॉक्सी भरली आणि रात्रभर शिकंजात, लोखंडी पकडीत, आवळून ठेवलं. दुसऱ्या दुपारी भोंगा झाला तेव्हा मी शेडमध्येच बसून होतो. शिकंजाचा लोखंडी दांडा एकदा करकरला. टेबलाचा पाय जमिनीवर थोडा सरकला. मग सगळं शांत झालं.

माझ्या कपाळावर घाम होता आणि मला आनंद झाला होता. नंतर या आनंदाचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

शिकंजा सोडला. भरलेलं घासून सपाट केलं, जाळीच्या रेघा नव्याने कोरल्या, जवसाच्या तेलाचे हात दिले. पट्टी अशी झाली की बोट टेकवलं तर घसरावं. कुठे खाच होती हे मलाही सांगता आलं नसतं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी हेमराज आला. पट्ट्या हातात घेऊन तो खूश झाला, मग त्याचा अंगठा डाव्या पट्टीच्या खालच्या भागावर फिरू लागला. वर, खाली, पुन्हा वर.

"भाऊ, इथं काही होतं काय?"

"झीज होती. बुजवली."

"अच्छा." अंगठा थांबला नाही. "मले वाटलं, काहीतरी होतं."

"हेमराज, उद्या चल ना आमच्यासंग नागपूरले. एकटा काय करतो घरी?"

"पूजा कोन करन मंग?" तो हसला. "तुमी या दर्शन करून. मी हावो इथंच."

५

दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर जातो, ते कधी चुकत नाही. दुर्ग स्टेशनवर निळे झेंडे, पांढरी लुगडी, बाटल्या, पिशव्या, एकच गर्दी. गाडीला उशीर होता. कमला पिशवीवर बसून होती. सकाळी घर बंद करताना शेडला कुलूप तिनेच लावलं होतं.

ती म्हणाली, "एक गोष्ट विचारू? शीलाताईच्या हाताचा साचा कावून केला तुमी?"

मला आधी कळलंच नाही.

"फळीवर आहे ना. पांढरी बोटं. म्या ओळखत नाही काय? दरवाज्यात चेंगरून करंगळी वाकडी झाली होती तिची. अन् अंगठी घालत जाय त्या बोटाले, ते निशाण बी आहे."

गर्दीचा आवाज एकदम लांब गेल्यासारखा झाला. मी विचारलं, "हेमराज पिस्तूल साफ करे, तेव्हा ती कुठं राहे?"

"रोज दुपारी करत जाय ना तो, भोंगा झाला की. शीलाताई काम टाकून त्याच्यापुढं खुर्ची घेऊन बसे. मले एकदा म्हणे, 'ते हातात असलं की यांचा हात यांचा नाही राहत कमला. मी मूठ धरून बसते. सोडत नाही.' मले वाटलं, उगाच बोलून राहिली."

बोटं मागून आली होती, बरोबर होतं. पण ती पिस्तूल धरणाऱ्याची नव्हती. समोर बसून, त्याच्या हाताखालून मूठ पकडून, नळी त्याच्यापासून दूर ओढणाऱ्याची होती. आणि ती जाऊन वर्ष झालं तरी खाच आतून कोरी होती.

मी हेमराजला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग त्याने उचलला.

"भाऊ, मंग करतो फोन," तो अगदी हळू म्हणाला. "हात मोकळा नाही."

"ठेव ते! ऐक माझं, खाली ठेव!"

फोन बंद झाला नाही. पलीकडून खुर्ची जमिनीवर घासल्याचा आवाज येत होता. कर्र. पुन्हा कर्र.

गाडी येत असल्याचं लाऊडस्पीकरवर सांगत होते तेव्हा आम्ही दोघं जिन्यावरून उलटे धावत होतो.

६

रिक्षावाल्याला मी काय सांगितलं ते आठवत नाही. कमलाने वाटेत माझा हात घट्ट धरला होता, एवढं आठवतं. गल्लीत दारोदारी झेंडूची तोरणं होती, पोरं सायकली धूत होती. हेमराजचं दार उघडंच होतं.

पाटावर लाल कापड, त्यावर कुंकू, आपट्याची पानं, झेंडू. पिस्तुलाची जागा रिकामी. हेमराज खुर्चीत बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतक्या जवळ दुसरी खुर्ची होती, रिकामी. फोन जमिनीवर पडलेला. पिस्तूल त्याच्या उजव्या हातात होतं. नळी त्याच्या छातीकडे वळत होती, अगदी सावकाश, आणि डाव्या हाताने तो स्वतःचंच मनगट मागे ओढत होता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"भाऊ," तो म्हणाला, "हात ऐकून नाही राहिला माहा."

मी धावलो आणि मुठीकडे माझी नजर गेली.

माझं पॉलिश चकाकत होतं. त्या चकाकीवर चार ठिकाणी मंद डाग उठले, तेलावर बोट टेकवल्यावर उठतात तसे. मागच्या कडेकडून पुढे आलेले. ते खाली घसरले आणि पुसले गेले. पुन्हा उठले. पुन्हा घसरले. दर वेळी समोरची रिकामी खुर्ची कर्र करून इंचभर पुढे येत होती. पकड मिळत नव्हती. जिथे पकड होती ती जागा मी खुंट्या मारून बंद केली होती.

मी खालून मूठ पकडली. माझीही बोटं घसरली. मग मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. आम्हा दोघांची ताकद लागली होती तरी नळी थांबत नव्हती, फक्त हळू झाली होती. त्यात जोर नव्हता, नुसता जडपणा होता.

"कमला, पटाशी! गोल पटाशी! अन् तो साचा!"

ती वयाचं भान विसरून पळाली. तेवढ्यात काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. माझ्या हातांना खुर्चीच्या बाजूने गार वारा लागत होता आणि खोलीत पंखा बंद होता.

७

कमलाने माझ्या जागी मनगट धरलं. मी गुडघ्यांवर बसलो आणि हेमराजच्या हातात असलेल्या पिस्तुलाची मूठ कोरू लागलो. असलं काम मी कधी केलं नाही आणि कोणी करू नये. एका डोळ्याने साचा, एका डोळ्याने लाकूड. इपॉक्सी दगडासारखी झाली होती. पितळेच्या खुंट्यांवर पटाशीची धार करकरत होती. माझंच काम, इतकं पक्कं केलेलं, मीच शिव्या घालत उकरत होतो.

पहिली खाच उघडी झाली. दुसरी. डाग आता घसरत नव्हते. उघड्या खाचेत येऊन थांबत होते. नळी अडली. तिसरी खाच मी जेमतेम पुरी केली, आणि करंगळीला लागलो. ती वाकडी होती, कठीण होती. साचा पुन्हा पाहायला मी पटाशी उचलून घेतली.

भुसा पडतच होता.

पटाशी माझ्या हातात, लाकडापासून वीतभर लांब होती, आणि चौथ्या खाचेतून बारीक भुसा हेमराजच्या पॅन्टवर पडत होता. कमलाने ते पाहिलं. मीही पाहिलं. तिसऱ्या खाचेत आडवी रेघ उमटली, अंगठीएवढी.

मग नळी वळली. छातीपासून, खांद्यापासून, बाजूला भिंतीकडे. चुलीजवळ गेलेल्या पोराचा हात आई बाजूला करते तशी, न रागावता. हेमराजची मूठ सैल झाली आणि पिस्तूल त्याच्या मांडीवर आडवं पडलं. तो रडायला लागला.

८

पिस्तुलात एक गोळी निघाली. गोळ्या कपाटात कुलपात आहेत, मी भरली नाही, असं हेमराजने शीलाची शपथ घेऊन सांगितलं. माझा त्याच्यावर विश्वास बसला. मग ती भरली कोणी, याहून वाईट काही त्या दिवशी माझ्या मनात आलं नाही.

गोळी मी खिशात टाकली आणि पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं. "चल ठाण्यात," मी म्हणालो. "जमा करून टाक. आत्ताच्या आत्ता. लायसन्सही देऊन टाक, झंझटच नको."

"हो भाऊ," तो म्हणाला. "जमा करतो. चल."

कमला घरीच थांबली. रिक्षात पुरचुंडी हेमराजच्या मांडीवर होती आणि तिच्यावर त्याचा हात होता. शहरभर ढोल वाजत होते, ट्रकांना, मशीनच्या दुकानांना हार घातलेले होते. भोंगा झाला. मी दचकून त्याच्या हाताकडे पाहिलं. हात शांत होता. टॉवेल मात्र त्याच्या तळव्याखाली जरा वर उचलल्यासारखा झाला, आतून कोणी बोटं नीट करून बसावं तसा.

ठाण्याचं फाटक आलं. रिक्षा थांबली.

"उतर," मी म्हणालो.

हेमराज समोर पाहत बसला होता. "आत कपाटात ठेवतीन ना हे? कुलूप लावून?"

"हो."

"मी तर सुटतो भाऊ," तो म्हणाला. "अन् शीला?"

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं. भूत, करणी, बाहेरचं काही नसतं, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो होतो आणि त्या क्षणी तेवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी मी टॉवेलाचं सुटलेलं टोक नीट खोचलं. टॉवेलावरून त्याने हात काढला नाही आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ तसेच, फाटकासमोर, रिक्षात बसून राहिलो.